घड्याळाच्या डायलवर देवणी बैल काढायलोय, मीना भट्टीतून काढला की चीर जातेय, कुणाला अनुभव आहे का?

उदगीरचा_घड्याळवाला

नमस्कार मंडळी. मी उदगीरचा, घड्याळ दुरुस्तीचं दुकान आहे, वडलांच्या काळापासूनचं. गेल्या आठ महिन्यांपासून एकच गोष्ट डोक्यात बसलीय आणि ती जमंना म्हणून इथं विचारायलो, थोडं लांबण लागंल पण वाचा.

आमच्याकडं देवणी बैल होता, सर्जा. शेवेरा जातीचा, म्हणजे पांढऱ्या अंगावर काळे वेडेवाकडे ठिपके. वडलांनी माळेगावच्या यात्रेतून आणला होता, मी तेव्हा पाचवीत असंल. वडील सकाळी गोठ्यात गेले की आधी त्याच्या पाठीवर हात फिरवायचे आणि मग तिथंच उभं राहून मनगटावरच्या एचएमटी जनताला चावी द्यायचे, रोज, न चुकता. सर्जा गेला आणि दोन वर्षांनी वडील पण गेले. मला त्या दोघांचं मिळून एक घड्याळ करायचंय, डायलवर सर्जा, आणि तो छापलेला नको, भट्टीत भाजलेल्या मीन्याचा, म्हणजे धातूवर वितळवून बसवलेल्या रंगीत काचेचा पाहिजे.

आतापर्यंत काय केलं ते सांगतो. तांब्याचा अर्धा मिलिमीटरचा पत्रा घेतला, गोल कापला, मधी काट्यांसाठी भोक. छोटी मफल फर्नेस, म्हणजे विजेची बंद भट्टी घेतली दीड किलोवॉटची. मीन्याची पावडर ऑनलाईन मागवली, पुडीवर रंगाचं नाव सोडून काहीच लिहिलेलं नाही, विकणाऱ्याला फोन केला तर म्हणला सगळ्यावर चालते. अकरा डायल केले आणि अकराच्या अकरा वाया गेले. भट्टीतून काढतो तेव्हा एकदम काचेसारखं चकचकीत दिसतं, जीव हरखून जातो, आणि दहा मिनिटांनी टिक असा आवाज येतो आणि चीर. दोन डायल तर रात्री चांगले ठेवले अन् सकाळी बघतो तर कडेचा टवका उडालेला.

दुसरं म्हणजे मागं आभाळ म्हणून पारदर्शक निळा लावला तर तो दुधाळ यायलाय, ताक मिसळल्यासारखा. तिसरं, पांढऱ्यात काळे बारीक कण. आणि एवढं सगळं जमलंच तर हा जाड डायल मशीनवर, म्हणजे घड्याळाच्या आतल्या यंत्रावर बसणार कसा ते वेगळंच. शिंगांना पोळ्याच्या दिवशी लावतात तसा हिंगूळ लाल पण पाहिजे.

कुणी हे काम केलं असंल, मीनाकारी जवळून बघितली असंल, तर सांगा. फोटो टाकलेत सातव्या, नवव्या आणि अकराव्या डायलचे.

---

सराफा_नांदेड

मागच्या बाजूला मीना लावलाय का? फोटोत मागं तांबं उघडं दिसतंय.

---

उदगीरचा_घड्याळवाला

नाही लावला दादा. मागची बाजू मशीनकडं जाणार, कुणाला दिसणार म्हणून सोडली.

---

सराफा_नांदेड

तिथंच गडबड आहे भाऊ. आता सगळं सविस्तर सांगतो, मी सोन्याचांदीच्या कामातला, जयपूरला दोन वर्षं मीनाकारीच्या कारखान्यात बसलेलो आहे, आता नांदेडला घरचंच दुकान बघतो पण मीन्याची भट्टी अजून सोडलेली नाही.

मीना म्हणजे काच. वाळू, सोडा, पोटॅश, सुहागा असलं वितळवून केलेली काच आणि रंगासाठी धातूची भस्मं. गार होताना तांबं काचेपेक्षा जास्त आकसतं. एकाच बाजूला काच असली की तांबं आकसून पत्रा वाकवतं, वरची काच ताणली जाते, आणि काच दाब सोसते पण ताण सोसत नाही. तुमचा जो टिक आवाज येतो तो हाच. म्हणून मागच्या बाजूला पण तेवढाच मीना द्यावा लागतो, कोणत्याही रंगाचा चालतो, जयपूरला उरलासुरला मिसळून लावायचे. दोन्हीकडून ओढ सारखी झाली की पत्रा सरळ राहतो. तुमच्या अकरा डायलपैकी निम्मे तरी ह्या एका गोष्टीनं वाचले असते असं मला फोटो बघून वाटतं.

दुसरं, पत्रा सपाट ठेवू नका. लाल करून पाण्यात टाका म्हणजे मऊ पडतो, मग लाकडाच्या खळग्यात हलक्या हातानं दाबून अगदी इतकुसा फुगवटा द्या, नजरेला कळंल न कळंल एवढा. फुगवट्यानं पत्र्याला बळ येतं. आणि मग अर्धा मिलिमीटर पत्र्याची गरजच नाही, ०.३ किंवा ०.४ घ्या, पुढं मशीनवर बसवताना हाच फरक कामाला येतो.

तिसरं, काढल्यावर कुठं ठेवता? फोटोत फरशी दिसतेय. गार फरशीवर ठेवला, वरून पंखा, तर मीना चिरणारच. भट्टीच्या डोक्यावरच ठेवा आणि वरून स्टीलचं पातेलं पालथं घाला, अर्धा तास हात लावू नका.

पावडरीचं बोलायचं तर बिननावाची पावडर फेकून द्या, वाईट वाटलं तरी. प्रत्येक कारखान्याच्या काचेचं आकसणं वेगळं, बऱ्याच वेळा बाटल्या-बांगड्यांच्या काचेची पावडर मीना म्हणून विकतात, ती तांब्यावर कधीच टिकणार नाही. तांब्यासाठीचीच घ्या आणि पुढची-मागची, खालची-वरची सगळी एकाच कारखान्याची घ्या.

दुधाळ निळ्याचं कारण पाणी. उदगीरला बोअरचं पाणी वापरता ना? आपल्याकडच्या पाण्यात क्षार किती ते घागरीच्या बुडाला दिसतंच. पारदर्शक रंग धुवावा लागतो. वाटीत पावडर घ्या, पाणी टाका, ढवळा, दहा सेकंद थांबा, वरचं ढगाळ पाणी ओतून द्या. असं सहा-सात वेळा, पाणी एकदम स्वच्छ दिसेपर्यंत. ती ढगाळ पिठी म्हणजे अति बारीक झालेली काच, तिच्यातच हवा अडकते आणि रंग ताकासारखा दिसतो. पिठी टाकू नका, वाळवून ठेवा, मागच्या बाजूला ती चालते. शेवटचे दोन हात बॅटरीत टाकायच्या पाण्यानं धुवा, पाच लिटरचा कॅन लै दिवस पुरतो. आणि थर पातळ द्या. एक जाड थर देण्यापेक्षा तीन पातळ, प्रत्येक वेगळा भाजून.

काळे कण दोन ठिकाणाहून येतात. एक, तांब्यावर भाजताना काळी पापडी धरते, ती उडून पांढऱ्यावर बसते. कडा आणि मागची बाजू झाकली गेली की हे कमी होतं, उरलेली पापडी लिंबूसताच्या कोमट पाण्यात भिजवून घासून काढा. दोन, धूळ. मार्च ते मे आपल्याकडं पांढरा मीना चाळायच्या भानगडीत पडूच नका, नाहीतर पहाटे उठून, फरशी ओल्या फडक्यानं पुसून, दारंखिडक्या लावून करा. कण आलाच तर त्या जागी हिऱ्याच्या टोकानं पाण्यात घासून तेवढाच खड्डा करायचा, पांढरा भरायचा, परत भाजायचं. डायल फेकायचा नाही.

पहाटेचा अजून एक फायदा आहे. संध्याकाळी मोटारी चालू झाल्या की व्होल्टेज पडतं आणि दीड किलोवॉटची भट्टी दार उघडलं की गार होते ती परत चढतच नाही. तांब्यावर साधारण ७८० ते ८२० डिग्री लागतं आणि काम दीड-दोन मिनिटांचं असतं. आधी पावडर साखरेसारखी दिसते, मग संत्र्याच्या सालीसारखी, मग एकदम आरसा. आरसा झाला की लगेच बाहेर. घड्याळ बघून नाही, डोळ्यानं बघून काढायचं.

मीन्याचे रंग वेगळे ठेवायला तारेची नक्षी करणार का? करणार असाल तर एक गोष्ट भिंतीवर लिहून ठेवा. चांदी ९६२ डिग्रीला वितळते, तांबं १०८५ ला, पण दोघं एकमेकांना चिकटलेले असले तर ७७९ डिग्रीलाच पाणी होतात. उघड्या तांब्यावर चांदीची तार ठेवून भाजली तर तार तांब्यात विरघळून जाते. माझी पहिली मोराची मान अशीच गेली, सहा तास वाकवलेली तार. आधी मीन्याचा एक थर, तो भाजून, त्याच्यावर डिंकानं तार चिकटवायची आणि तार त्या थरात नुसती बसवायची.

लाल रंगाचं शेवटी सांगतो. जयपूरला रंग कडकपणाच्या क्रमानं भाजतात, जो जास्त आग सोसतो तो आधी. पांढरा आधी, लाल सगळ्यात शेवटी, कारण लाल जास्त वेळ राहिला की तपकिरी होतो, मग काळा. तुमचा सर्जा पूर्ण होऊ द्या, शिंगं रिकामी ठेवा आणि एकदम शेवटच्या भाजणीला शिंगांत अपारदर्शक लाल भरून कमी वेळात काढा. पारदर्शक माणकासारखा लाल मागू नका, तो सोन्यावरच खुलतो, तांब्यावर मळकट दिसतो. तुम्ही देवणी निवडला हे बरंच झालं, लाल कंधारी निवडला असता तर अख्खं जनावरच लाल, पहिल्याच कामाला कठीण गेलं असतं.

आणि तोंडाला चांगला मास्क लावत जा, काच फुप्फुसात जाते. जुन्या पद्धतीच्या पावडरीत शिसं असतं, स्वयंपाकघरातल्या वाट्या, मोरी, काही वापरू नका. घरात लेकरं असतील तर नक्कीच नाही.

---

बीडचा_सध्या_पुण्यात

इतकी मेहनत घेण्यापेक्षा फोटो देऊन डायल प्रिंट करून घ्या ना, पॅड प्रिंटिंगवाले आहेत, एका दिवसात होतं आणि बैल हुबेहूब येतो. वाईट वाटून घेऊ नका, वेळ वाचावा म्हणून सांगतोय.

---

उदगीरचा_घड्याळवाला

वाईट नाही वाटलं भाऊ. पण मी रोज जुनी घड्याळं उघडतो. छापलेले डायल चाळीस-पन्नास वर्षांत पिवळे पडतात, रंग उडतो, दमट हवेनं फोड येतात. आणि आजोबाच्या काळातलं खिशातलं घड्याळ येतं ना, पांढऱ्या मीन्याचं, त्याला पडून चीर गेलेली असंल पण पांढरा रंग काल भाजल्यासारखा पांढराच असतो. मला सर्जा तसा पाहिजे. माझ्या पोरीच्या पोरांनी बघितला तरी ठिपका काळाच दिसला पाहिजे.

---

बीडचा_सध्या_पुण्यात

हे पटलं. मग एक सांगतो, कामानिमित्त जिनिव्हाला जाणं झालं होतं, तिथं पाटेक फिलिपचं म्युझियम आहे, एक अख्खी दुपार तिथंच गेली. साधारण १६३० च्या सुमारास फ्रान्समधल्या ज्यां तुतँ नावाच्या सोनारानं पांढऱ्या मीन्यावर रंगानं चित्र काढून भाजायची रीत बसवली असं सांगतात, आणि पुढं जिनिव्हानं ती घड्याळांवर उचलली. तिथं पक्षी, फुलपाखरं, अगदी सुरवंटाच्या आकाराच्या वस्तूवर पण मीना. जनावरांची आवड घड्याळवाल्यांना आजची नाही, कार्तिएनं १९१४ सालीच बिबट्याच्या ठिपक्यांचं मनगटी घड्याळ केलं होतं, अर्थात ते मीन्याचं नाही, हिरे आणि ऑनिक्सचं. आणि आजच्या घडीला अनिता पोर्शे म्हणून एक बाई आहेत स्वित्झर्लंडमध्ये, मोठमोठ्या कंपन्या आपले डायल त्यांच्याकडून मीना करून घेतात, म्हणजे यंत्रांच्या एवढ्या जमान्यातही शेवटी काम एका माणसाच्या हाताशीच येतं.

तिथले ठिपके बघून मला आज सर्जाचे ठिपके आठवायलेत. करा तुम्ही हे काम.

---

परभणी_वॉच_सर्व्हिस

मी मशीनच्या बाजूनं सांगतो, कारण मीना कितीही सुंदर झाला आणि काटा घासायला लागला तर रडायची पाळी येते, मी पाहिलेलं आहे.

साधा पितळी डायल ०.४ मिलिमीटरच्या आसपास असतो. तुमचा तांबं अधिक पुढचा मीना अधिक मागचा मीना मिळून ०.९ ते १ च्या घरात जाणार. म्हणजे अर्धा मिलिमीटर जास्त, आणि घड्याळात अर्धा मिलिमीटर म्हणजे लै झालं. तास काट्याची नळी डायलच्या वर पुरेशी येत नाही, काटा बसतच नाही, आणि बसला तर मिनिट काटा काचेला टेकतो.

म्हणून जनताच्या मशीनवर हा डायल बसवायचा हट्ट सोडा असं माझं स्पष्ट मत आहे. आणि वडलांच्या जनताला तर हातच लावू नका. १९६१ ला सिटिझनच्या मदतीनं बंगळुरूत एचएमटीचा कारखाना सुरू झाला, २०१६ ला एचएमटी वॉचेस कंपनी बंद करायचा निर्णय झाला, वडलांच्या घड्याळाचा तो जुना डायल परत मिळणार नाही. ते घड्याळ जसं आहे तसं राहू द्या, सर्व्हिस करून चालू ठेवा.

नव्या घड्याळासाठी ६४९७ जातीचं चावीचं मशीन घ्या, किंवा त्याच्यावरून बनवलेलं चायनीज सीगल एसटी ३६. मुळात खिशातल्या घड्याळाचं मशीन, ३६.६ मिलिमीटर व्यास, म्हणजे डायल मोठा मिळतो, बैलाला चरायला जागा. केस पण खोल मिळतात. उंच नळीचं मशीन मिळतं का ते विचारून घ्या, नसंल तर डायलच्या मधल्या भोकाभोवती मागून मीना पातळ ठेवा.

चावीचं का म्हणतो ते तुम्हाला कळलंच असंल. सकाळी चावी द्यायला काहीतरी पाहिजे ना.

आता चित्र काढायच्या आधी हे बघा, ६४९७ मध्ये चावी तीनला ठेवली की सेकंद काटा नऊला येतो, ६४९८ मध्ये सहाला. म्हणजे डायलला मधलं भोक सोडून अजून एक भोक. नऊला भोक ठेवलं आणि बैलाचं तोंड डावीकडं असलं तर भोक थेट डोळ्यावर येतं. भोकांच्या जागा कागदावर आधी मांडा आणि मग बैल बसवा.

भोकं भाजायच्या आधी पाडायची, नंतर ड्रिल लावला की टवका उडणारच, तुमच्या नवव्या डायलला तेच झालंय. भाजताना काच भोकाच्या कडेला जमते, ती हिऱ्याच्या बारीक बरनं, म्हणजे घासायच्या फिरत्या टोकानं, पाण्यात घासायची, दोन्ही बाजूंनी थोडी थोडी, एका बाजूनं आरपार नाही.

डायलच्या पायांचं, म्हणजे डायल मशीनला अडकवायच्या मागच्या बारीक पिनांचं म्हणाल तर साध्या कथलाच्या डाकानं (सोल्डरनं) लावले तर भट्टीत गळून पडतील, आणि भाजून झाल्यावर डाक लावायला गेलात तर त्या एका जागच्या उष्णतेनं मीना चिरतो. सराफाकडून सगळ्यात कडक चांदीचा डाक घेऊन आधी लावता येतात.

---

सराफा_नांदेड

कडक डाक पण सांभाळून, डाकातलं जस्त वर येतं आणि मीन्यात बुडबुडे होतात. माझं मत पाय लावूच नका, कड बरोबर कापा आणि डायल बसवायच्या पातळ दुतर्फी चिकटपट्टीवर बसवा. पहिल्या डायलला एवढा जीव टांगणीला नको.

---

परभणी_वॉच_सर्व्हिस

चिकटपट्टीवर बसवलेला डायल मला स्वतःला आवडत नाही, पाच-सात वर्षांनी सरकतो. पण पहिल्याच कामाला चालंल, पुढच्याला पाय लावा.

---

पैठणची_मुनिया

मला मीन्याचं काही कळत नाही, पण तुमची पोस्ट वाचून राहवलं नाही. आमच्या घरी पैठणी विणतात, मी पैठणचीच, सासर माहेर दोन्ही मागावरचं. जनावर छोट्या जागेत कसं बसवायचं ह्याबद्दल मात्र आम्हाला थोडं सांगता येईल.

तुमच्या अकराव्या डायलच्या फोटोत बैल दिसतो पण सर्जा दिसत नाही. दादा राग मानू नका. तुम्ही बैलाचं सगळंच काढायला गेलात, चार पाय, खूर, शेपटीचा गोंडा, वेसण, घंटा, मागं झाड, आभाळ, डोंगर. तीन-साडेतीन सेंटीमीटरच्या गोलात. आणि ठिपके मात्र सगळे सारखे गोल गोल काढलेत, रांगोळीच्या ठिपक्यांसारखे. सर्जाचे ठिपके असे होते का? तुम्हीच वर वेडेवाकडे लिहिलंय.

आम्ही पदरावर मोर विणतो तेव्हा खरा मोर विणत नाही. प्रत्येक रंगाचा धागा दुसऱ्या रंगाला अडकवत अडकवत न्यायचा असतो, एक रेघ उगाच वाढली की दिवस वाढतो. म्हणून मोरातलं काय ठेवलं की तो मोरच वाटेल एवढंच ठेवायचं. मानेचा बाक, तुरा, पिसाऱ्याचा उतार. बाकी सोडायचं. मुनिया, म्हणजे पैठणीतला राघू, तर त्याहून छोटी, पण चोच आणि शेपूट बरोबर असली की लांबूनही राघू कळतो. आणि बांगडी मोर बघा एकदा, बांगडीच्या गोलात मोर बसवलेला, मान गोलाच्या कडेकडेनं वळते. तो मोर गोलात कोंबलेला वाटत नाही, गोल त्याच्यासाठीच केलाय असा वाटतो. तुमचा डायल पण गोलच आहे की.

मला वाटतं तुम्ही अख्खा बैल काढूच नका. वशिंड, मान, एक शिंग, एक डोळा, कान. वशिंडाचा बाक डायलच्या वरच्या कडेनं घ्या. आणि ठिपके त्याच्या फोटोवरून जसेच्या तसे ट्रेस करून घ्या, कारण घरातलं माणूस त्यांच्यावरूनच ओळखणार. आभाळ निळं कशाला? तो निळा पण तुम्हाला त्रास देतोय. मागं गोठ्यातल्या सावलीचा एकच गडद रंग ठेवा, पांढरा बैल आपोआप पुढं येईल.

वेळ मिळाला तर अजिंठ्याला जाऊन या. दुसऱ्या लेण्यात छताजवळ हंसांची ओळ आहे, प्रत्येक हंसाची मान वेगळी, एकाची दुसऱ्यासारखी नाही, आणि रेघा किती कमी. पहिल्या लेण्यात खांबाच्या माथ्यावर कोरलेली चार हरणं आहेत, चौघांना मिळून एकच डोकं, ज्या हरणाकडं बघाल त्याचंच ते वाटतं. पोस्ट वाचल्यापासून माझ्या डोक्यात येतंय, ते डायलवर काय सुंदर दिसेल, डोकं बरोबर मध्ये, काट्यांच्या जागी. सर्जा झाल्यावर ते करा.

---

उदगीरचा_घड्याळवाला

ताई, राग कशाचा. तुमचं वाचून मी सर्जाचा फोटो काढला, पोळ्याचा आहे, झूल पांघरलेला. त्याच्या उजव्या डोळ्याखाली एक ठिपका आहे बोरासारखा आणि त्याला चिकटून एक लांबट, वडील त्याला 'सर्जाचं काजळ सांडलं' म्हणायचे. मी आठ महिने झाले हे चित्र काढायलोय आणि तो ठिपका एकदाही काढला नाही. आता कळतंय सर्जा का दिसत नव्हता.

सराफा दादा, परभणीचे दादा, सगळं वहीत लिहून घेतलंय. बिननावाची पावडर आजच बाजूला काढली. दादा, एवढंच सांगा, काळे ठिपके तार लावून करायचे का नुसते ब्रशनं?

---

सराफा_नांदेड

ठिपक्यांना तार नको, तारेनं कड कापल्यासारखी दिसते आणि केसाळ अंगावरचा ठिपका तसा नसतो. तार फक्त वशिंड-मानेच्या बाहेरच्या रेघेला आणि शिंगाला घ्या. आत पांढरा मीना भरून, भाजून, घासून सपाट करा, आणि मग काळा मीना अकीकाच्या खलात एकदम बारीक घोटून लव्हेंडरच्या तेलात कालवून सगळ्यात बारीक ब्रशनं ठिपके काढा. कडा थोड्या पुसट ठेवा. पहिल्या वेळी फिका काढा, भाजा, मग वरून गडद. काळा एकदम जाड दिला की तो फुगीर होतो, कधी फाटतो.

तेलाचं काम असलं की भट्टीत लगेच सरकवू नका. दाराशी, भट्टीच्या डोक्यावर ठेवून आधी धूर पूर्ण जाऊ द्या, मगच आत. धूर असताना आत गेला की रंगाला फोड येतात.

मागं ताई म्हणतात तसा गडद रंग. मी असतो तर गडद हिरवट काळा घेतला असता, आपल्या जुन्या धाब्याच्या घराच्या गोठ्यात दुपारी दिसतो तसा.

---

उदगीरचा_घड्याळवाला

मंडळी, अडीच महिने झाले, उत्तर द्यायला उशीर झाला पण हात रिकामे नव्हते.

बारावा डायल तार नीट चिकटली नाही म्हणून गेला, भाजताना शिंग सरकलं. तेरावा चांगला आला होता, पण मीच घाई केली, लाल भरल्यावर दहा-पंधरा सेकंद जास्त ठेवला आणि शिंग विटकरी काळं पडलं. पण बघा, दोघांपैकी एकाला पण चीर गेली नाही. मागचा मीना, पातेलं आणि फुगवटा, ह्या तिन्हींनी चिरीचा विषय संपवला. तेरावा डायल मी फेकला नाही, दुकानात काचेखाली ठेवलाय.

चौदावा परवा पहाटे चार वाजता भाजला. एकूण नऊ भाजण्या झाल्या. मागचा थर, पुढचा खालचा थर, तार बसवणं, पांढरा तीन वेळा, काळे ठिपके दोन वेळा, आणि शेवटी लाल. घरात सगळे झोपलेले, भट्टीच्या दारातून उजेड पडायचा तेवढाच. लाल भरून आत सरकवला आणि ह्या वेळी भिंतीवरच्या घड्याळाकडं बघितलंच नाही, दादांनी सांगितलं तसं नुसतं शिंगाकडं बघत बसलो. साखर गेली, संत्र्याची साल झाली, आणि एका क्षणाला शिंग ओलं झाल्यासारखं चमकलं, तसाच काढला. पातेल्याखाली ठेवून मी अंगणात जाऊन बसलो कारण तो टिक आवाज ऐकायची हिंमत नव्हती. आवाज आला नाही.

सातच्या जवळ पांढऱ्यात एक बारीक काळा कण आहे. घासून भरायचा होता, पण तो बरोबर मानेच्या खाली आहे आणि आई म्हणाली त्याला तिथं गोचीड चावल्याची खूण होतीच, राहू दे. मग राहू दिला.

डोळ्याखालचं काजळ आलंय. आईला डायल हातात दिला तर तिनं सर्जाचं नाव घेतलं नाही, नुसती अंगठ्यानं त्या ठिपक्यावरून हात फिरवत बसली. फोटो टाकलेत, उजेडात काढलेला पण आहे आणि गोठ्यात काढलेला पण.

मशीन ६४९८ घेतलं, सेकंद सहाला, म्हणजे डोळा मोकळा राहिला. डायल मोजला, ०.९४ आला. तास काटा बसतो, मिनिट काटा पण बसतो, काचेला मात्र केसभरच अंतर आहे, काच बदलावी लागंल असं वाटायलंय. परभणीचे दादा, फुगीर काच घालू का तीच ठेवू? आणि काटे कोणते घ्यावे, पांढऱ्यावर चांदीचे दिसंनात, काळे घेतले तर ठिपक्यात हरवतात.

---

परभणी_वॉच_सर्व्हिस

फोटो तीनदा बघितला. माझ्या वडलांकडं पण देवणी होती, बालंक्या, पोटाकडं ठिपके असलेली.

काच फुगीर घाला, केसभर अंतर पुरत नाही. काटे निळे घ्या, तापवून निळे केलेले पोलादी. पांढऱ्यावर पण उठून दिसतात आणि काळ्यावर पण, जुन्या मीन्याच्या डायलवर तेच असायचे. काटे बसवताना डायलला खालून आधार द्या, वरून जोर देऊ नका, मधल्या भोकाची कड सगळ्यात नाजूक असते. परभणीला येणं होत असंल तर घेऊन या, माझ्याकडं उंच नळीचे दोन-तीन सुटे भाग पडलेत, आपण दोघं मिळून बसवू.

---

पैठणची_मुनिया

आला सर्जा. डोळ्यावरून कळलं.

त्या चार हरणांचं चित्र मी आमच्या आलेखाच्या कागदावर काढायला घेतलंय, चौकटीत रंग टाकून. झालं की फोटो पाठवते, तार कुठून कुठं न्यायची ते तुम्ही आणि नांदेडचे दादा ठरवा.

---

उदगीरचा_घड्याळवाला

दादा, येत्या गुरुवारी येतो, दुकान त्या दिवशी बंदच असतं. ताई, कागद पाठवा, तांब्याचा पत्रा कापून ठेवतो, ०.३ चा.